दिसायला सारखी, पण जुळतात का? शेवाळाच्या दोन गटांचं क्रॉसिंग कसं तपासायचं

एकाच तळ्यातून दोन शेवाळं काढली, मायक्रोस्कोपखाली दोन्ही हुबेहूब सारखी, पुस्तकातल्या चित्राशी पण जुळतात, मग दोघांवर एकच नाव लिहून मोकळं व्हायचं, हे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सर्रास चालतं. ती दोघं एकमेकांशी क्रॉस होतात का, म्हणजे त्यांचं लैंगिक मीलन होतं का, हे बघायच्या भानगडीत कोणी पडत नाही. खरं तर ते बघायला फार मोठी लॅब लागत नाही, चांगला मायक्रोस्कोप, थोडी काचेची भांडी आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर काम होतं. बीएस्सी-एमएस्सीला असाल, ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवत असाल किंवा नुसताच मायक्रोस्कोपचा नाद असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय.

आधी हे का करायचं ते. अमेरिकेत अ‍ॅनेट कोलमन यांनी पँडोरिना मोरम नावाच्या हिरव्या शेवाळावर १९५९ साली काम छापलं. ठिकठिकाणच्या तळ्यांमधून आणलेले क्लोन (एका पेशीपासून वाढवलेलं कल्चर म्हणजे एक क्लोन) एकमेकांशी क्रॉस केले तर दिसायला एकच असलेल्या या ‘जाती’त एकमेकांशी अजिबात न जुळणारे डझनाहून जास्त गट निघाले. अशा गटांना कोलमन सिन्जेन म्हणायच्या. नंतर कळलं की या गटांमध्ये क्रोमोसोमची संख्यासुद्धा वेगवेगळी आहे. जपानमध्ये वातानाबे आणि इचिमुरा यांनी १९७८ मध्ये उत्तर कांतो भागातल्या क्लोस्टेरियमवर असंच काम केलं. तिथला तो क्लोस्टेरियम पेरासेरोसम-स्ट्रिगोसम-लिटोराले असा लांबलचक नावाचा कॉम्प्लेक्स आहे, नावातच तीन जाती, कारण आकारावरून त्या नीट वेगळ्याच करता येत नाहीत. क्रॉस करून बघितल्यावर मात्र त्याच्यात २-ए, २-बी, १-ई असे मेटिंग ग्रुप सरळ वेगळे पडतात. म्हणजे डोळ्याला जे दिसत नाही ते शेवाळाला बरोबर कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आत्ताच सांगून टाकतो, पुढे वाचायचा कंटाळा केलात तरी एवढं लक्षात ठेवा. या कामात ‘होकार’ मिळवणं सोपं, ‘नकार’ सिद्ध करणं कठीण. दोन क्लोन एकत्र टाकले आणि काहीच झालं नाही, याचा अर्थ ते वेगळ्या गटातले आहेत असा होत नाही. नायट्रोजन संपला नसेल, उजेड कमी पडला असेल, दोन्ही एकाच मेटिंग टाइपचे असतील (टाइप दोन, प्लस आणि मायनस, आणि जुळायला एक प्लस, एक मायनस लागतो), कल्चर म्हातारं झालं असेल, पाणी गार असेल, शंभर कारणं. जो क्लोन आपल्या घरच्या जोडीदाराशी, म्हणजे स्वतःच्याच गटातल्या दुसऱ्या टाइपच्या क्लोनशी, त्याच दिवशी, त्याच प्लेटमध्ये जुळून दाखवतो, फक्त त्याचाच नकार वहीत लिहायचा. हा एक नियम पाळला तर बाकी चुका परवडतात.

कुठलं शेवाळ घ्यायचं

क्लोरेला घेऊ नका. मिळायला सोपं, वाढवायला सोपं, पण त्याचं लैंगिक प्रजननच माहीत नाही, त्यामुळे क्रॉस वगैरे विषयच येत नाही. क्लॅमिडोमोनास रेनहार्टाय चालेल, त्याच्या प्लस आणि मायनस स्ट्रेन कल्चर कलेक्शनमधून (शेवाळांचा जिवंत साठा ठेवणाऱ्या संस्थांकडून) मिळतात आणि सगळी पद्धत पाठ झालेली आहे, पण रानातून आणलेला क्लॅमिडोमोनास कोणता हे ओळखणं म्हणजे डोकेदुखी. गोनियम, पँडोरिना, युडोरिना ही वसाहती करणारी मंडळी दिसायला सुंदर आणि ओळखायला सोपी. माझी पसंती मात्र क्लोस्टेरियमला. चंद्रकोरीसारखी लांब पेशी, दोन्ही टोकांना छोटी पोकळी आणि तिच्यात सतत थरथरणारे बारीक कण, एकदा बघितलं की विसरत नाही. शिवाय ती पोहत नाही, तळाला बसते, त्यामुळे धुवायला, मोजायला, एकेक पेशी उचलायला सोपी. सुरुवात यानेच करा.

सँपल

पावसाळ्यात भाताची खाचरं, उथळ डबकी, तळ्याच्या काठची पाणवनस्पती पिळून निघालेलं पाणी, इथे शोधा. पण माझ्या मते त्याहून भारी युक्ती म्हणजे उन्हाळ्यात खाचरातली सुकलेली माती आणायची. शेवाळाचे झायगोस्पोर, म्हणजे प्लस आणि मायनस पेशी एकत्र येऊन बनलेले गोळे, जाड भिंतीचे असतात, कोरड्या मातीत निवांत पडून राहतात. चमचाभर माती पेट्री डिशमध्ये घ्या, वर उकळून गार केलेलं पाणी किंवा पातळ मीडियम (शेवाळ वाढवायचं पोषक पाणी) ओता, खिडकीपाशी ठेवा पण थेट ऊन नको. काही दिवसांत पाणी हिरवट दिसायला लागतं, पंधरा दिवसांत बऱ्यापैकी जत्रा जमते. यात एक फायदा असा की ज्यांना सेक्स जमतो अशीच मंडळी बरीचशी यातून वर येतात, कारण ती झायगोस्पोरमधून आलेली असतात. माती आणताना ठिकाण, तारीख, खाचर कुठलं हे पाकिटावर तिथेच लिहा, घरी येऊन लिहू म्हणालात की झालंच. आणि एका ठिकाणाहून एकच सँपल आणून भागणार नाही, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांची माती हवी, नाहीतर तुलना कशाची करणार.

एक पेशी, एक क्लोन

हा सगळ्यात किचकट भाग. काचेची पाश्चर पिपेट बर्नरच्या छोट्या ज्योतीवर धरा, काच मऊ झाली की ज्योतीतून बाहेर काढून मग ओढा, ज्योतीतच ओढलीत तर केसासारखी होते आणि तुटते. टोक पेशीच्या रुंदीपेक्षा थोडंसंच मोठं पाहिजे. रबरी नळी लावून तोंडाने हलकेच ओढायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते, पण ती नको, बल्ब वापरा. स्लाइडवर निर्जंतुक मीडियमचे पाच-सहा थेंब एका ओळीत ठेवायचे, पहिल्या थेंबातून एक पेशी उचलायची, दुसऱ्यात सोडायची, नवी पिपेट, पुन्हा उचलायची, तिसऱ्यात. शेवटच्या थेंबात एकटी पेशी आहे आणि शेजारी दुसरं कोणी हिरवं नाही हे १० एक्सवर नीट बघूनच तिला २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाका. एका खळग्यात चुकून दोन पेशी गेल्या आणि त्या प्लस-मायनस निघाल्या तर पुढे तुमचा ‘क्लोन’ एकट्यानेच झायगोस्पोर करायला लागेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल. शंका आली की त्या क्लोनमधून परत एक पेशी उचलून नवा क्लोन करायचा, दुसरा इलाज नाही.

प्रत्येक ठिकाणचे किमान डझनभर क्लोन धरा, निम्मे तरी मरतात. बॅक्टेरिया थोडे राहिले तर चालतं, पूर्ण शुद्ध कल्चरच्या मागे लागू नका. किट्रिड बुरशी दिसली तर मात्र दयामाया न करता ते भांडं ऑटोक्लेव्ह करा, पेशीच्या भिंतीला चिकटलेले छोटे पारदर्शक फुगे दिसतात, दोन-चार दिवसांत सगळं कल्चर तपकिरी. 

मीडियम

ज्या लॅबमध्ये केमिकलची मारामार आहे तिथे सॉइल-वॉटर ट्यूब करा: टेस्ट ट्यूबच्या तळाशी बोटभर बागेतली माती, खत-औषध न मारलेली, वर पाणी, आणि दोन दिवस लागोपाठ तासभर वाफ. त्यावर बहुतेक मंडळी खूश असतात. सरळ केमिकलचं हवं तर बोल्डचं बेसल मीडियम, म्हणजे बीबीएम, सगळ्यांना माहीत आहे. क्लोस्टेरियमवाले जपानी लोक सी मीडियम वापरतात, त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम नायट्रेट, ट्रिस बफर, आणि बी-१२, बायोटिन, थायमिन ही तीन व्हिटॅमिन, पीएच साडेसात. बीबीएम वापरलंत तरी ही तीन व्हिटॅमिन घालाच, हिरव्या शेवाळांमध्ये बऱ्याच जणांना ती बाहेरून लागतात.

क्रॉसिंगसाठी दुसरं मीडियम लागतं, तेच पण नायट्रोजन वगळून. बीबीएममध्ये सोडियम नायट्रेट लिटरला २५० मिलिग्रॅम असतं, ते घालायचंच नाही. सी मीडियमच्या अशा बिन-नायट्रोजनच्या भावंडाला एमआय म्हणतात, त्यात नायट्रेटच्या जागी क्लोराइड. नायट्रोजन संपला की शेवाळाला कळतं की दिवस वाईट आलेत, आणि मग ते जोडीदार शोधायला लागतं. सगळी गंमत या उपासमारीवर आहे, म्हणून धुणं नीट करा. तळाला बसलेल्या पेशींवरचं पाणी काढा, नवं बिन-नायट्रोजन मीडियम घाला, बसू द्या, परत काढा, असं तीनदा. सेंट्रिफ्यूज केलंत तर अगदी हळू.

टेंपरेचर २४ अंशाच्या आसपास, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार, साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात एसी खोली नसेल तर हा उद्योग जूननंतरच काढा. ३५ अंशात पेशी जगल्या तरी क्रॉसचा निकाल भरवशाचा राहत नाही.

कोण प्लस, कोण मायनस

दिसण्यावरून काही कळत नाही, दोन्ही एकसारखे. म्हणून आधी एकाच ठिकाणचे सगळे क्लोन एकमेकांशी जोडीजोडीने लावायचे. १२ क्लोन असतील तर ६६ जोड्या होतात, शिवाय प्रत्येक क्लोन एकटा म्हणून १२ खळगे, एकूण ७८. चार प्लेटमध्ये आरामात बसतं. कल्चर वाढीच्या भरात असताना घ्या, हिरवंगार पण पिवळं पडायच्या आधी, तीनदा धुवा, दोघांच्या पेशी साधारण सारख्या संख्येने टाका, सतत उजेडात ठेवा, आणि २४, ४८, ७२ तासांनी बघा. मग कागदावर तक्ता मांडला की दोन ढीग आपोआप पडतात, या ढिगातला त्या ढिगातल्याशीच जुळतो, आपल्या ढिगात कोणाशी नाही. कुठल्या ढिगाला प्लस म्हणायचं हे तुमच्या मर्जीवर, पण एकदा ठरवलं की बदलू नका, आणि कलेक्शनमधली ओळखीची जोडी मिळाली, उदाहरणार्थ जपानच्या एनआयईएस कलेक्शनमधली ६७ आणि ६८ नंबरची क्लोस्टेरियम, तर तिच्याशी लावून घ्या. परदेशातून मागवायची असेल तर आयातीचे कागद आधी कॉलेजच्या ऑफिसातून करून घ्या, त्यालाच दोन महिने जातात.

जे क्लोन एकटे असतानाच झायगोस्पोर करतात ते होमोथॅलिक, त्यांना बाजूला काढा. ते वाईट नाहीत, पण या प्रयोगात ते गोंधळ घालतात.

क्लोस्टेरियममध्ये जे दिसतं ते असं. आधी पेशी एकदा विभागते, ही नेहमीची वाढ नसून सेक्ससाठीची तयारी असते. मग दोन पेशी शेजारी शेजारी येतात, दोघींच्या मधोमध एकेक फुगीर टोक येतं, त्याला पॅपिला म्हणतात. ४० एक्सवर फोकस जरा वरखाली केलं की छान दिसतं. मग दोघींचा आतला हिरवा ऐवज भिंतीतून बाहेर सरकतो, एकत्र येतो, गोल होतो. शेवटी मधे एक गोल जाड भिंतीचा झायगोस्पोर आणि त्याच्या भोवती चार रिकाम्या अर्ध्या कवच्या. या चार कवच्यांकडे लक्ष द्या, पुढे त्या फार कामाला येतात.

आता खरा क्रॉस

समजा ए गट एका गावचा, बी दुसऱ्या गावचा. कमीत कमी चार क्रॉस लागतात: ए-प्लस बरोबर ए-मायनस, बी-प्लस बरोबर बी-मायनस, ए-प्लस बरोबर बी-मायनस, आणि बी-प्लस बरोबर ए-मायनस. पहिले दोन घरचे, ते यशस्वी झाले तरच पुढच्या दोनांकडे बघायचं. शेवटचे दोन वेगवेगळे करायचेच, ‘एक करून बघितला, दुसरा तसाच असणार’ असं चालत नाही, कारण अडथळा बऱ्याचदा एकतर्फी असतो, इकडचा प्लस तिकडच्या मायनसशी थोडाफार जुळतो पण उलटं केलं तर शून्य. जोडीला चारही क्लोन एकेकटे. प्रत्येकाचे तीन-तीन खळगे. आणि प्रत्येक गटातून एकच प्लस आणि एकच मायनस घेऊन भागवू नका, दोन-दोन तरी घ्या, एखादा क्लोन स्वतःच वांझ असू शकतो आणि त्याचं खापर सगळ्या गावावर फुटतं.

खळग्यांवर नावं लिहू नका, नंबर लिहा, आणि कोणता नंबर कोणाचा ही चिठ्ठी मित्राकडे ठेवा. मोजताना आपल्याला ‘हवं ते’ दिसतं, हे कोणालाही चुकलेलं नाही.

मोजणी अशी: एका क्षेत्रात झायगोस्पोर मोजा, उरलेल्या सुट्या पेशी मोजा. एका झायगोस्पोरला दोन पेशी लागतात म्हणून झायगोस्पोरचे दुप्पट धरायचे. ३० झायगोस्पोर आणि १४० सुट्या पेशी दिसल्या तर ६० भागिले २००, म्हणजे ३० टक्के. रिकाम्या कवच्या सुट्या पेशींमध्ये धरू नका. अशी पाच-सहा क्षेत्रं मोजून सरासरी.

मग आयसोलेशन इंडेक्स काढता येतो, म्हणजे दोन गट किती वेगळे पडलेत याचा आकडा: ० म्हणजे घरच्यासारखेच जुळतात, १ म्हणजे अजिबात नाही. समजा घरचे क्रॉस ६२ आणि ४८ टक्के आले, सरासरी ५५. ए-प्लस बी-मायनस ३ टक्के आला. ३ भागिले ५५ म्हणजे ०.०५५, १ मधून वजा केलं की ०.९४५. उलटा क्रॉस शून्य आला तर इंडेक्स १. हे आकडे नुसते समजावायला घेतलेत. दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे लिहा, त्यांची सरासरी काढून खरी गोष्ट पुसून टाकू नका.

नकार आला तर

इथे घाई करू नका, बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात. पहिली शंका वेळेची. ए गट उपाशी ठेवल्यावर एका दिवसात तयार होतो आणि बी ला तीन दिवस लागतात असं असेल तर एकदम मिसळल्यावर ए ची तयारी बी च्या आधीच ओसरते आणि तुम्हाला वाटतं जुळत नाहीत. म्हणून घरच्या क्रॉसमध्ये जोड्या कधी सर्वात जास्त दिसतात हे दोन्ही गटांसाठी आधी बघून ठेवा, फरक असेल तर हळू गटाला आधी उपाशी ठेवून मग मिसळा. तसं केल्यावर जुळले तर ती बातमी वेगळी: शरीराने जुळतात पण वेळ जुळत नाही, आणि तळ्यात हा अडथळा खरा असू शकतो. तो स्वतंत्र लिहा, ‘क्रॉस झाला’ एवढंच लिहून सोडून देऊ नका. दुसरी शंका टेंपरेचरची, २० आणि २५ दोन्हीवर करून बघा. तिसरी, कल्चर किती जुनं आहे. वर्षानुवर्षं ट्यूबमध्ये पडलेले क्लोन हळूहळू सेक्स विसरतात, म्हणून ताजे क्लोन असतानाच प्रयोग उरका.

एवढं करूनही नकार कायम असेल तर मग विचारायचं, गाडी नेमकी कुठल्या स्टेशनवर अडते? पेशी सेक्ससाठी विभागल्याच नाहीत का? विभागल्या पण जोड्या जमल्या नाहीत? जोड्या जमल्या, पॅपिला आले, पण ऐवज बाहेर आला नाही? प्रत्येक पायरी वेगळ्या रकान्यात मोजा, नुसता झायगोस्पोरचा आकडा लिहिलात तर अर्धी माहिती वाया.

क्लोस्टेरियममध्ये याचं उत्तर बऱ्याचदा फेरोमोनमध्ये, म्हणजे पेशी जोडीदाराला निरोप द्यायला पाण्यात सोडतात त्या पदार्थांमध्ये, सापडतं. तोक्योच्या जपान विमेन्स युनिव्हर्सिटीतल्या सेकिमोतो यांच्या गटाने हे वर्षानुवर्षं उलगडलंय, आणि २००८ मध्ये त्सुचिकाने आणि मंडळींनी फेरोमोनमुळे गट कसे वेगळे पडतात यावरच पेपर लिहिला. थोडक्यात असं, मायनस पेशी एक प्रोटीन पाण्यात सोडतात, ते प्लस पेशींना मिळालं की प्लस पेशी दुसरं प्रोटीन सोडतात, आणि ते मायनसला मिळालं की मायनसचा ऐवज बाहेर येतो. म्हणजे पाण्यातूनच आधी बोलणी होतात, मग लग्न. पुढे २०२३ मध्ये याच गटाने मायनसपणा ठरवणारा एक जीनसुद्धा शोधला, तो मायनस पेशींमध्येच असतो आणि प्लसमध्ये चालू केला की ती मायनससारखी वागायला लागते.

हे तुम्ही साध्या पद्धतीने तपासू शकता. बी-प्लस आणि बी-मायनस मिसळून जोड्या जोरात जमत असताना त्यांचं पाणी काढा, ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळा म्हणजे पेशी फिल्टरवर अडकतील आणि प्रोटीन पाण्यात राहील. हे पाणी उपाशी ठेवलेल्या एकट्या बी-मायनसवर आणि एकट्या ए-मायनसवर घाला. बी-मायनसचा हिरवा ऐवज बाहेर यायला लागला, जोडीदार नसल्यामुळे तो तसाच उघडा पडून फुटतो, आणि ए-मायनस मात्र ढिम्म बसली, तर बोलणीच जमत नाहीत हे कळलं. दोघीही ढिम्म असतील तर तुमचं गाळलेलं पाणीच बिनकामाचं, पुन्हा करा. परत तोच नियम, घरच्यांवर चाललं पाहिजे तरच बाहेरच्यांचा नकार खरा.

होकार आला तर

होकार पण लगेच साजरा करू नका. मिश्र खळग्यात झायगोस्पोर दिसला म्हणजे ए आणि बी चं जमलं असं नाही, त्यातला एखादा क्लोन एकट्याने पण करत असेल. त्या चार कवच्या आठवतात ना? ए च्या पेशी बी पेक्षा जाड किंवा लांब असतील तर झायगोस्पोरच्या भोवती दोन मोठ्या आणि दोन लहान कवच्या दिसल्या पाहिजेत. चारही एकाच मापाच्या असतील तर घरातल्या घरातच झालंय. हे चित्र फोटो काढून ठेवण्यासारखं असतं, मोबाइल आयपीसला लावून काढला तरी चालतो, मायक्रोमीटरची पट्टी मात्र फोटोत हवी.

पुढची पायरी, झायगोस्पोर उगवतो का. क्लोस्टेरियमचे झायगोस्पोर पिकू द्यावे लागतात: काही दिवस अंधारात, मग पाणी उडवून फिल्टर पेपरवर सुकवून महिनाभर, मग ताजं नायट्रोजनवालं मीडियम आणि उजेड. एका झायगोस्पोरमधून दोन पेशी बाहेर येतात, मिओसिसचे चार न्यूक्लियस होतात पण दोन विरून जातात, आणि त्या दोघींमध्ये एक प्लस, एक मायनस. दुसरं शेवाळ असेल तर हिशेब बदलतो, गोनियममध्ये चार पेशींची छोटी वसाहत निघते, पँडोरिनात साधारण एकच पेशी, क्लॅमिडोमोनासमध्ये चार. त्यामुळे ‘कमी निघाल्या’ असं म्हणायच्या आधी घरच्या क्रॉसमधून किती निघतात ते बघा.

क्लॅमिडोमोनासवाल्यांसाठी एक छोटी टीप, झायगोट अगारवर पाच-सात दिवस अंधारात पिकवल्यावर ब्लेडने वरचा हिरवा थर खरवडून काढा, झायगोट अगारला घट्ट चिकटलेले असतात ते राहतात. उरलेल्या साध्या पेशी मारायला प्लेट उलटी करून अर्धा मिनिट क्लोरोफॉर्मच्या वाफेवर धरा, झायगोटच्या जाड भिंतीमुळे त्याला काही होत नाही. हे फ्यूम हूडमध्येच, आणि प्लास्टिकची प्लेट वितळते म्हणून काचेची.

संकरित झायगोस्पोर उगवले नाहीत, किंवा उगवले पण पेशी दोन-चार विभाजनात मेल्या, तर हा झायगोटनंतरचा अडथळा. पँडोरिनासारखी क्रोमोसोमची संख्या वेगळी असेल तर मिओसिसला जोड्या लागणार कशा, असं होणारच. आणि पेशी जगल्या तरी काम संपलं नाही, त्या पहिल्या पिढीला आपसात आणि दोन्ही आईबापांच्या गटांशी परत क्रॉस करा. पहिली पिढी धडधाकट आणि दुसरी वांझ असंही होतं. वेळेचा अंदाज सांगायचा तर माती भिजवण्यापासून इथपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात. एका सेमिस्टरचं प्रोजेक्ट असेल तर झायगोस्पोर मोजण्यापर्यंतच थांबा, आणि तसं प्रामाणिकपणे लिहा. अर्धवट उगवणीचे आकडे घाईत कोंबण्यापेक्षा ते बरं.

डीएनए करायचा का

पैसे असतील तर करा, पण क्रॉसच्या ऐवजी नको, क्रॉसच्या जोडीला. आयटीएस-२ नावाचा डीएनएचा तुकडा बघतात. त्याची आरएनए घडी पडते आणि ठरावीक ठिकाणी बेस समोरासमोर जोडीने बसतात. कधी कधी जोडीतले दोन्ही बेस बदलतात पण जोडी टिकते, म्हणजे जी-सी होतं तिथे ए-यू. याला सीबीसी म्हणतात. कोलमन यांनीच दाखवलं की या तुकड्याच्या टिकाऊ भागात असा एक जरी बदल असेल तर ते दोन गट सहसा क्रॉस होत नाहीत. २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर हे तपासलं गेलं, सीबीसी असेल तर जाती वेगळ्या असण्याची शक्यता ९३ टक्क्यांच्या आसपास निघाली. उलटं मात्र तेवढं खात्रीचं नाही, सीबीसी नाही म्हणून क्रॉस होतीलच असं समजू नका. आणि आयटीएसचे नेहमीचे प्रायमर बुरशीवर पण मस्त चालतात, कल्चरमध्ये बुरशी असली तर सिक्वेन्स तिचाच येतो, म्हणून रिपोर्ट आल्यावर आधी तो हिरव्या शेवाळाचा आहे का ते डेटाबेसवर बघा आणि मग घडी वगैरे काढा.

लिहिताना ‘नवी जात सापडली’ असं लगेच लिहू नका. मेटिंग ग्रुप म्हणा, कोणत्या ठिकाणचे, किती क्लोन, कोणत्या दिशेला किती टक्के, कुठल्या पायरीला अडलं, एवढं लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवेल. जपानी मंडळींनी इतकी वर्षं काम करून अजून २-ए, २-बी असंच म्हटलंय, नवीन लॅटिन नावं वाटत सुटली नाहीत, ते मला फार आवडतं.

राहता राहिले क्लोन. प्रत्येक गटाचा किमान एक प्लस आणि एक मायनस अगार स्लँटवर, कमी उजेडात, १५ अंशाच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या स्लँटवर घ्या. दोन वेगळ्या खोल्यांत दोन प्रती, कारण लाइट गेली आणि इनक्युबेटर तापला की एका रात्रीत सगळं जातं. बाकीचं सगळं ऑटोक्लेव्ह करून मगच सिंकमध्ये, बाहेरून मागवलेल्या स्ट्रेन तर नक्कीच. आणि सुकवलेले झायगोस्पोर फिल्टर पेपरसकट पाकिटात घालून, वर नंबर आणि तारीख टाकून ठेवून द्या, पुढच्या बॅचच्या पोरांना कल्चर मेलं तरी त्यातून परत सुरुवात करता येते.